कुत्र्याच्या वाटणीची कोंबडी

आमच्या कुत्र्याचं पोट बिघडलं तेव्हा सासूबाई भारतातून येऊन जेमतेम महिना झाला होता, आणि आमच्या घरात खालपासून वरपर्यंत फिक्या रंगाचं कार्पेट होतं. एवढं सांगितलं म्हणजे ज्यांनी कुत्रं पाळलंय त्यांना पुढचं सांगायला नको. दोन हजार चारचा सुमार, अमेरिकेत वेस्ट विंडसरमधलं आमचं टाउनहाउस, झाडं लाल व्हायला लागली होती. शेजाऱ्यांनी घरामागे बार्बेक्यू केला आणि आमच्या साहेबांनी त्यांच्या कचऱ्याच्या पिशवीत तोंड घालून काय काय गिळलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी जिन्यात, हॉलमध्ये, मुलीच्या खोलीच्या दारात, जिथं बघावं तिथं पातळ. मी पेपर टॉवेलचा रोल घेऊन त्याच्यामागे, आणि सासूबाई पदर नाकाला लावून माझ्यामागे.

कुत्रा मुलीच्या हट्टापायी आला होता. शेल्टरमधून आणलेला, तपकिरी, लांब कानांचा, कुठल्या जातीचा हे शेल्टरवाल्यांनाही धड सांगता आलं नव्हतं. मुलगी तिसरीत होती. तिला भाऊ-बहीण नव्हतं, आणि शाळेतून आल्यावर ती आमच्याशी इंग्रजीत आणि कुत्र्याशी मराठीत बोलायची, याचं मला नवल वाटायचं. मी तेव्हा डिपेंडंट व्हिसावर होते, नोकरीची परवानगी नव्हती. नवरा सकाळच्या गाडीनं न्यूयॉर्कला जायचा तो दिवेलागणीला परतायचा. म्हणजे कुत्रा नावाला मुलीचा, पण दिवसभर तो आणि मी.

पोट बिघडलं की दहीभात, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. सासूबाईंनी स्वतः मऊ भात कालवला, त्याला भरवताना "खा हो बाळा" म्हणाल्या. आल्या आल्या ज्या त्याला पाहून सोफ्यावर पाय घेऊन बसायच्या, त्यांचा तोवर त्याच्यावर बराच जीव जडला होता. बाळानं दहीभात चाटून पुसून खाल्ला आणि तासाभरात सगळा कार्पेटवर काढला. संध्याकाळी आम्ही त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या. त्यांनी त्याचं पोट दाबून पाहिलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की काही दिवस फक्त पाण्यात उकडलेली कोंबडी आणि पांढरा भात द्या, थोडा थोडा, बाकी काही म्हणजे काही नको.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मान डोलवत होता.

आता हे सांगायला हवं. माझं माहेर कोल्हापूरकडचं, मटणाशिवाय रविवार उगवला असं न मानणारं. सासर पुण्याचं, अंड्याचा केकसुद्धा विचारून खाणारं. लग्न ठरताना मध्यस्थ मावशींनी सासरची एकच अट सांगितली होती, घरात सामिष काही शिजायचं नाही. बाहेर काय ते तिचं ती बघेल, पण घरात नाही. माझे वडील म्हणाले, अमेरिकेत चाललीयस, तिथं कोण डोकावतंय तुझ्या पातेल्यात. पण मी शब्द दिला होता, आणि मी शब्द दिला की पाळते, ही माझी खोड आहे. नवऱ्यानं पुढं कधी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. मॉलमध्ये एकटी गेले तर कधी चिकन सँडविच खायचे, आणि ते खाऊन झाल्यावर दरवेळी वाटायचं की हे ते नव्हे. मला जे हवं होतं ते विकत मिळणारं नव्हतं. ते माझ्या आईच्या हातचं होतं, आणि आईला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

तर डॉक्टरकडून परत येताना मी मनात म्हणत होते, आता बघू काय करतात. मला वाटलं होतं की चर्चा होईल, कुठं बाहेरून उकडून मिळतं का त्याची शोधाशोध होईल, सासूबाई एक दिवस जेवणार नाहीत. कसलं काय. नवरा म्हणाला, गॅरेजमध्ये करू. सासूबाई म्हणाल्या, "मुकं जनावर आहे. त्याच्या औषधाला कसलं आलंय सोवळं." चहाचा कप संपायच्या आत विषय संपला. नवरा गाडी काढून गेला आणि विजेची शेगडी, एक नवं पातेलं आणि कोंबडीचं पाकीट घेऊन आला. इतकी वर्षं जे दार मी बंद आहे असं धरून चालले होते, ते त्या कुत्र्यानं नुसतं नाक लावून उघडलं. मला राग आला नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आला होता. कुत्र्याचाच आला होता, आणि दुखणाईत जनावराचा हेवा करते म्हणून स्वतःची लाजही वाटली.

पहिल्या दिवशी नवऱ्यानं उकडलं. हातात मोजे, मान एका बाजूला वळवलेली, जणू पातेल्यात बॉम्ब आहे. बिनहाडाची, बिनकातडीची छाती, पाण्यात टाकली आणि पांढरीफट्ट होईपर्यंत ठेवली. कुत्र्यानं खाल्लं, पचवलंही. दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याला गाडी गाठायची होती. बूट घालता घालता तो म्हणाला, "तूच बघ ना. तुला सवय आहे."

त्यात टोमणा नव्हता. तो तसा माणूस नाही. पण "तुला सवय आहे" हे मी दिवसभर चघळत राहिले. सवय होती, ती यांच्या घरात येताना दारात चपलांसारखी काढून ठेवली होती. आता ती घालून गॅरेजमध्ये जायचं होतं, कुत्र्यासाठी.

एक-दोन दिवस मी त्याच्यासारखंच उकडलं. मग पाकीट संपलं आणि मी दुकानात गेले. छातीच्या पाकिटाला हात घातला आणि काढून घेतला. हाडाशिवाय पाण्याला काय चव उतरणार, असा विचार मनात आला, आणि तो कुत्र्यासाठी आलाय अशी मी मनाची समजूत घातली. तंगड्या घेतल्या. घरी आले तर सासूबाई दुपारच्या आडव्या झाल्या होत्या, मुलगी शाळेत. मी स्वयंपाकघरातून एक कांदा उचलला, आल्याचा तुकडा, मूठभर लसूण, हळद, मीठ, चमचाभर तूप. सगळं ओट्यावरच्या बुट्टीत घालून गॅरेजमध्ये नेलं.

आमच्याकडे अळणी करतात. तिखट मसाला पडायच्या आधी कांदा-आलं-लसूण-हळद घालून मटण किंवा कोंबडी शिजवायची, आणि ते पिवळं पाणी वाटीत काढून घ्यायचं. लहान पोराला, बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला आधी तेच द्यायचं. आमच्या घरात ते औषधच होतं. आजाऱ्याला अळणी द्यायची, हे माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं होतं की डॉक्टरीणबाईंनी उकडलेली कोंबडी म्हटलं तेव्हाही माझ्या डोळ्यांपुढं तेच पिवळं पाणी आलं होतं. तेव्हा कुत्र्याला कांदा विष असतो हे मला माहीत नव्हतं. हे खरं आहे. पण बाकी काही म्हणजे काही नको, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि ते मी ऐकलं होतं. हेही खरं आहे.

गॅरेजमध्ये एका बाजूला गाडीचे जुने टायर, एका बाजूला रिसायकलिंगचे डबे, मध्ये ती शेगडी. तुपात कांदा पडला तसा माझ्या आईच्या स्वयंपाकघराचा वास त्या सिमेंटच्या खोलीत उभा राहिला. मी तिथंच रडले. मग कोंबडी शिजली, मी वाटीभर पाणी ओतून घेतलं, आणि डब्यांशेजारी उभी राहून, जीभ भाजत, घटाघटा प्यायले. एक वाटी झाली, दुसरी झाली. मग म्हटलं एक तंगडी. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. आमच्याकडे कुत्र्यासाठी शिजत होतं आणि खात होते मी, तो समोर बसून शेपटी हलवत माझ्या तोंडाकडे बघत होता. उरलेलं हाडं काढून, भातात रस्सा घालून त्याला दिलं. त्यानं ताटली चाटून जमिनीवर फिरवत फिरवत गाडीखाली नेली.

मग ते रोजचंच झालं. सकाळची आवराआवर मी भराभर उरकायला लागले. दुपारची वाट बघायला लागले. इतकं हावरटासारखं मी आयुष्यात कधी खाल्लं नव्हतं, तेही चोरून, उभ्यानं, हाडं वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या तळाशी दडपून. खाऊन झालं की साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, बडीशेप खायचे, गॅरेजचं मोठं दार अर्धं वर करून वास घालवायचे. संध्याकाळी नवरा विचारायचा, खाल्लं का त्यानं. मी म्हणायचे, अगदी आवडीनं.

पण तो सुधारत नव्हता. मध्ये एक-दोन दिवस बरा वाटला, मग पुन्हा पातळ सुरू झालं, आणि यावेळी त्याच्यात जीवच नव्हता. जिना चढायचा तर मध्येच बसायचा. मुलगी शाळेतून आली की दाराशी धावत जाणारा तो, नुसतं शेपूट आपटून पडून राहायला लागला. मी म्हटलं आजारी आहे, ताकद भरून यायला हवी, आणि रस्सा जरा जास्त घालायला लागले. एका शनिवारी सकाळी त्याची लघवी कोकमाच्या सरबतासारखी झाली. नवऱ्यानं त्याला उचलून गाडीत घातलं. मुलगी पायात सपाता तशीच गाडीत बसली.

डॉक्टरीणबाई यावेळी हसल्या नाहीत. त्यांनी त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. एरवी गुलाबी असायच्या, त्या कागदासारख्या होत्या. त्यांनी विचारलं, कांदा, लसूण, घरच्या जेवणातलं काही त्याच्या पोटात गेलंय का, नीट आठवून सांगा, कारण त्यावर पुढचे उपचार ठरतील. नवरा लगेच म्हणाला, छे, अजिबात नाही. फक्त उकडलेली कोंबडी आणि भात. मी स्वतः सगळी सोय लावून दिली. वर असंही म्हणाला की आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, आमच्या घरात याच्याशिवाय कोणी मांसाला शिवतसुद्धा नाही. हे सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. बायकोच्या भरवशावर तो बोलत होता.

कुत्रा टेबलावर आडवा होता. त्याचं पोट भरभर वरखाली होत होतं. मला बोलायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही, फार नसेल, पण त्या वेळात माझ्या मनात काय चाललं होतं ते मी विसरलेले नाही. मी कुत्र्याचा विचार करत नव्हते. मी सबब शोधत होते. शेजाऱ्यांच्या कचऱ्यात कांदा असेल, असं म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं.

शेवटी मी बोलले ते नवऱ्याकडे बघून, मराठीत. "मी कांदा घातला होता. रोज. लसूणही."

इंग्रजीत का नाही बोलले? मला येत होतं. पण डॉक्टरीणबाईंना कळू नये, आणि तरी सांगितल्यासारखं व्हावं, अशी माझी त्यातही लबाडी होती. नवऱ्याला काही उमजेना, तो माझ्याकडे बघतच राहिला. तेव्हा मुलगी टेबलाशी गेली, कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाली, "शी पुट अनियन्स इन इट. अँड गार्लिक."

त्यांनी विचारलं, का बरं?

"बिकॉज शी वॉज ईटिंग इट टू," मुलगी म्हणाली. "इन द गॅरेज."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या पांढऱ्या खोलीत कळलं. डॉक्टरीणबाईंना त्यात विशेष काही वाटलं नाही. कोंबडी खाल्ली तर खाल्ली, त्यांच्या लेखी ती बातमीच नव्हती. त्या म्हणाल्या बरं झालं सांगितलंत, आणि कुत्र्याला आत घेऊन गेल्या. आम्ही तिघं बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो. मी मुलीला हळूच विचारलं, तुला कसं कळलं. ती म्हणाली, शाळेतून लवकर सोडलं होतं त्या दिवशी गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं. मी खाली वाकून पाहिलं. तू खात होतीस. मग तू बोलली का नाहीस, असं मी विचारलं नाही. नऊ वर्षांच्या मुलीनं आईला तसं पाहिलं होतं आणि माझी अब्रू झाकून ठेवली होती, कुत्र्याचा जीव जायची वेळ येईपर्यंत.

त्याला त्यांनी ठेवून घेतलं. रक्त कमी झालं होतं, सलाईन लावलं होतं, जगेल असं वाटतं म्हणाल्या, पण खात्री द्यायला तयार नव्हत्या. घरी आल्यावर नवऱ्यानं आईला सांगितलं की औषध लागू पडलं नाही म्हणून दवाखान्यात ठेवलंय. माझ्यावर पांघरूण घातलं त्यानं. तो माझ्याशी त्या दिवसांत फार सौजन्यानं वागला. पाणी हवं का, दिवा बंद करू का, पाहुण्या बाईशी बोलावं तसं. भांडला असता तर बरं झालं असतं.

सासूबाई कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले, म्हटलं आई, मला तुम्हाला काही सांगायचंय. त्यांनी काड्या बाजूला करत मान वर न करता म्हटलं, "मला वास पहिल्याच दिवशी आला होता. वरच्या खोलीत येतो गॅरेजचा वास."

त्यांनी आणखी एक काडी बाजूला टाकली.

"मी म्हटलं, खाऊ दे. पण उभ्यानं का खायचीस? बसून तरी खावं माणसानं."

म्हणजे मी दुपारी त्या झोपल्यात असं समजून चोरपावलांनी खाली जात होते, आणि त्या वर डोळे मिटून, वास घेत, मला मुभा देत पडून होत्या. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात तशी गत. ज्याच्यापासून लपवायचं तो एकटा सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या त्या बोलण्यात मायाच होती, मला कळत होतं. पण ती माया गॅरेजपुरती होती, स्वयंपाकघरात या असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही अपेक्षा केली नाही. मी कोथिंबिरीची जुडी पुढं ओढून निवडायला लागले.

कुत्रा वाचला. आणायला आम्ही तिघंच गेलो. तो हडकला होता, एका पायावर सुई लावायला केस भादरलेले होते, आणि मला पाहिल्यावर त्यानं शेपूट हलवलं, सगळ्यांत आधी माझ्याकडेच आला. त्याच्या लेखी मी चांगलं खायला घालणारी बाई होते. मी खाली वाकून त्याला कुरवाळलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा समजावून सांगितलं, नुसती उकडलेली. नवरा म्हणाला, मी करत जाईन, सकाळी लवकर उठून. त्यात काही गैर नव्हतं, पण मी डॉक्टरांच्या मागच्या भिंतीवरचं चित्र बघत राहिले.

परत येताना मुलगी मागच्या सीटवर कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रूट वनच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, गृहपाठातलं विचारावं तसं. "बाबा, इफ आई हॅड आस्क्ड, यू वुड हॅव सेड यस, राइट?"

मी समोर बघत होते. मला वाटलं तो हो म्हणेल. मुलीसमोर कोण नाही म्हणेल? आणि तो हो म्हणाला असता तर सगळा दोष माझ्या एकटीच्या पदरात पडला असता, न विचारल्याचा. मी त्याची तयारी करून बसले होते.

"नाही," तो म्हणाला. "नसतो म्हणालो."

त्याचे कान लाल झाले होते. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. त्याला खोटं बोलता आलं असतं आणि तो बोलला नाही, याचं मला त्या क्षणी काय वाटलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. राग होता, आणि त्याच्याबद्दल फार वाईटही वाटलं.

मागे मुलगी विचार करत होती. मग तिनं कुत्र्याचा कान हातात घेतला.

"बट यू सेड यस टू हिम," ती म्हणाली.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. नवऱ्याचा पाय ब्रेकवरच होता.